चालेल

दादाला काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. भाकरी वाढू की पोळी? चालेल. निळा शर्ट घालतोस का पांढरा? चालेल. आज मामाकडे जायचं का? चालेल. हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो, पण त्यात किती काय मावतं ते मला दादामुळे कळलं. कुणाला अडवायचं नाही, आपल्यापायी कुणाची अडचण होऊ द्यायची नाही, पुढ्यात येईल ते गोड मानून घ्यायचं. फक्त "चल, जरा चालून येऊ" म्हटलं की तो मान खाली घालायचा आणि गॅलरीतल्या लाल खुर्चीचे हात दोन्ही मुठींनी घट्ट धरायचा. तेवढं त्याला चालायचं नाही.

तो माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. पण शेजारची मुलं त्याला दादा म्हणतच वाढली, मग आई म्हणायला लागली, आणि शेवटी मीही. यंदा त्याला ३८ पूर्ण झाली. डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती घेऊन जन्माला येणं. हे एवढं एक वाक्य आमच्या घराला कळायला कितीतरी वर्षं लागली. तोवर गल्लीत त्याच्यासाठी 'मतिमंद' हा शब्द होता, शाळेत 'स्पेशल' होता, आता कागदोपत्री 'बौद्धिक दिव्यांग' आहे. बोलताना मात्र लोक अजून 'विशेष मुलं' म्हणतात. कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी मूलच. मुलाचे गुडघे दुखत नाहीत, मुलाला साखर होत नाही, मुलाचं वय होत नाही, असं आपण मनाशी धरून बसतो. खरं तर डाऊन असलेल्या माणसाचं शरीर इतरांच्या आधीच थकायला लागतं.

आम्ही भिवंडीत कामतघरला राहतो. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा हे जॉबरचं काम. कुठल्या मागाचं काय दुखतंय ते वडील दारातून आवाज ऐकूनच सांगायचे. दुपारी ते जेवायला घरी यायचे आणि परत जाताना दादाला सोबत न्यायचे. वाट दहा मिनिटांची. त्या दोघांना पंचवीस मिनिटं लागायची, म्हणून वडील तेवढे आधी उठायचे, हातावर पाणी पडायच्या आत. जेवणानंतर पाठ टेकायला मिळणारी दहा-पंधरा मिनिटं त्यांनी अशी रोज वाटेवर घालवली, हे माझ्या लक्षात यायला ते जावे लागले.

कारखान्यात दादाला एक काम असायचं. मागाच्या धोट्यात बाण्याचं सूत गुंडाळलेली नळी बसते, तिला कांडी म्हणतात. सूत संपलं की रिकामी कांडी काढून टोपलीत टाकतात आणि भरलेली घालतात. दादा दाराशी मांडी घालून त्या रिकाम्या कांड्या बुडाच्या रंगाप्रमाणे वेगळ्या लावायचा. आत चोवीस मागांचा खडखडाट. बाहेरून आलेला माणूस पहिल्यांदा कानांवर हात ठेवतो. दादा त्या आवाजात डोलायचा. टोपली भरली की उठायचा, कांडी मशीनवाल्याकडे नेऊन द्यायचा, रिकामी टोपली घेऊन यायचा. दिवसातून किती खेपा होत असतील? त्या वेळी कुणी त्याला व्यायाम म्हटलं नाही, आणि कुणी त्याला चालवायचा प्रयत्नही केला नाही. तो आपला चालत होता.

२०११ साली वडील गेले. पंधरा दिवस घर भरलेलं होतं, मग रिकामं झालं. त्यानंतर कधीतरी दादा त्या लाल खुर्चीत बसला तो बसलाच.

'बस' हा आमच्या घरातला जुना शब्द आहे. तो जन्मला तेव्हा आईला कुणीतरी सांगितलं होतं की अशी मुलं फार जगत नाहीत, जपा त्याला. त्या काळी हे अगदीच खोटं नव्हतं. १९८३च्या सुमाराला अमेरिकेतसुद्धा डाऊन असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत गेलंय. डाऊन असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो हेही खरं. पण दादाच्या हृदयात छिद्र नाही, हे आम्हांला कळलं तो नऊ वर्षांचा असताना. तोवर ते आहे असं धरूनच आम्ही त्याला वाढवलं. तो धावायला लागला की आई म्हणायची, "बस रे, दम लागेल." जिन्यावर चढला की, "बस, पडशील." लगोरीत शिरला की मीच म्हणायचे, "तू इथं बस आणि चिपा मोज." या 'बस'मध्ये काळीज होतं आमचं. मराठीत बसणं आणि पुरे म्हणणं यांना एकच शब्द आहे, आणि आम्ही त्याला दोन्ही एकदमच सांगत होतो.

शाळेचंही तसंच. ज्या शाळेत तो थोडी वर्षं गेला तिथं क्रीडादिन असायचा. पांढरे कपडे, चुन्याने आखलेल्या रेघा, लेझीम. एका वर्षी मी त्याला पाहायला गेले तर तो पाहुण्यांच्या रांगेत, खुर्चीवर. शिक्षिका मायेने म्हणाल्या, "तो टाळ्या छान वाजवतो." तो खरंच छान वाजवत होता. प्रत्येक शर्यतीला उभा राहून. पण लेझीम सुरू झाली तेव्हा त्याचे पाय खुर्चीखाली हलत होते, डावा-उजवा, डावा-उजवा, ठेक्यात. हे मी पाहिलं होतं. पाहून घरी आले होते. इतकी वर्षं ते पाय माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

करोनाची दोन वर्षं गेली आणि दादाचं वजन चौदा किलोंनी वाढलं. पायमोजे घालताना धाप लागायची. रात्री घोरता घोरता श्वास मध्येच अडायचा आणि मी अंथरुणावर उठून बसायचे. तपासणीत थायरॉईड निघालं, जे डाऊनमध्ये पुष्कळांना असतं. साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "चालवा त्याला." मी मान डोलावली. माणसाला कसं चालवायचं असतं ते काही मी विचारलं नाही.

मग मी चुका केल्या. आधी समजावलं. मग बिस्किटाचा पुडा दाखवला. मग रागावले. एका सकाळी हात धरून ओढतच खाली नेलं. गल्लीच्या मध्यावर तो थांबला आणि तिथंच खाली बसला, रस्त्यावर, मांडी घालून. मागे रिक्षा भोंगा वाजवतेय, पुढून सुताच्या गोण्यांचा टेम्पो येतोय, आणि माझा भाऊ खाली मान घालून मातीत बोट फिरवतोय. मी त्याच्यावर ओरडले. रिक्षावाला उतरला, त्याने भोंगा बंद केला, आणि दादाच्या शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "क्या हुआ दादा, थक गए?" दादाने मान हलवली. त्या अनोळखी माणसाने विचारलेला साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात समोरच्या आगरी घरात लग्न निघालं. आमच्याकडे आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. सकाळी धवळारणीने धवळे म्हटले, संध्याकाळी मांडवात बेंजो लागला. दादा खुर्चीतून बघत होता. तेवढ्यात नवरदेवाच्या भावाने खालूनच हाक दिली, "ये र दादूस! नाचाला ये!" दादूस म्हणजे आगरी बोलीतला दादा. आणि दादा उठला. जिना उतरला, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि मांडवात गेला. मी गॅलरीत उभी. साडेनऊ वाजले होते. तो नाचायला लागला. हात डोक्याच्या वर, डोळे मिटलेले, ताल अचूक. दमला की बाजूच्या बाकड्यावर टेकायचा, पाणी प्यायचा, कुणीतरी पुन्हा "दादूस!" म्हणायचं, तो पुन्हा उठायचा. आई म्हणाली, "अगं, त्याला बोलव वर, दमेल तो." मी पहिल्यांदाच आईचं ऐकलं नाही. तो वर आला तेव्हा साडेबारा झाले होते. कपाळावर हळद, शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाला, "पाय दुखला." आणि हसला.

ज्या माणसाला कोपऱ्यापर्यंत चालवत नव्हतं तो तीन तास नाचला होता. त्याच्या पायांत काही कमी नव्हतं. त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

त्यानंतर मी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे त्याला घेऊन गेले. तिने आधी त्याचे बूट काढून तळवे हातात घेतले. रुंद, आखूड, सपाट. डाऊनमध्ये स्नायू मुळात सैल असतात, सांध्यांना बांधून ठेवणारे बंधही सैल, त्यामुळे नुसतं सरळ उभं राहायलाही त्याला आपल्याहून जास्त ताकद लागते. शिवाय धावताना आपलं हृदय जितक्या वेगाने ठोके देऊ शकतं तितका वेग यातल्या बऱ्याच जणांच्या हृदयाला गाठताच येत नाही. वरची मर्यादाच खाली असते. म्हणजे मी जिला सावकाश चाल म्हणत होते ती त्याच्यासाठी जवळजवळ धाव होती. आळस म्हणून मी ज्याला रागावत होते तो दम होता. हे ऐकून मला तिथंच रडू आलं. तिने मानेचीही चौकशी केली. डाऊन असलेल्या काही जणांच्या मानेतले अगदी वरचे दोन मणके एकमेकांवर नीट घट्ट नसतात, म्हणून तपासून घेतल्याशिवाय कोलांटीउडी नाही, शीर्षासन नाही. आणि चाल अचानक बदलली, हात बधिर वाटायला लागले, तर आधी डॉक्टर. मग म्हणाली, "वेळ रोज एकच ठेवा. वाट एकच ठेवा. पाच मिनिटांपासून सुरू करा. किती झालं, किती राहिलं ते त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, घड्याळाने नाही. आणि ताई, त्याच्या पुढे चालू नका. मागेही नको. शेजारून चाला."

डोळ्यांना दिसेल असं काय द्यायचं, याचा मी विचार करत होते. चित्रांच्या पट्ट्या करून पाहिल्या, त्या त्याने उशीखाली ठेवून दिल्या. उत्तर त्यानेच शोधलं. वडिलांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली आली. आत पाने, एक तेलाची बुधली, चामड्याचा तुकडा, आणि पाच लाकडी कांड्या. हाताळून हाताळून तुळतुळीत झालेल्या, बुडाशी कड्या, टोकाकडे निमुळत्या. एकीवर निळ्या सुताचे चार-पाच वेढे अजून तसेच. दादाने त्या मांडीवर घेतल्या, नाकाशी धरल्या. लाकूड, तेल आणि वडिलांचा हात, असा काहीतरी वास असणार. मग पाचही पिशवीत घातल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मी चपला घातल्या.

पहिल्या दिवशी आम्ही चहाच्या टपरीपर्यंत गेलो. शंभर पावलं असतील. तिथं दादाने पिशवीतून एक कांडी काढली आणि चहावाल्याच्या फळीवर, काचेच्या ग्लासांच्या शेजारी ठेवली. चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं. दादा वळला, घराकडे निघाला, चार पावलांवर थांबला, परत गेला, कांडी उचलली, पिशवीत घातली. मग मला कळलं. कांडी ठेवायची म्हणजे इथवर आलो. कांडी उचलायची म्हणजे आता घरी. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने स्वतःच हात पुढे केला, "लाव दादा, जमा कर."

महिनाभर आमचं गाव टपरीपाशी संपत होतं. मग दुसरी कांडी दुधाच्या केंद्रावरच्या काकूंकडे जमा व्हायला लागली. त्या तिच्यावरचं धुकं पदराने पुसून परत द्यायच्या. तिसरी कारखान्याच्या खिडकीत. तिथं एक उत्तर प्रदेशातला कामगार रात्रपाळी संपवत असतो, केसांवर, भुवयांवर सुताची पांढरी लव. तो खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून कांडी घ्यायचा, आणि ती लाकडी कांडी बघून त्याला प्रत्येक वेळी नवल वाटायचं, कारण हल्ली सगळ्या प्लॅस्टिकच्या. चौथी वऱ्हाळदेवीच्या देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशींकडे. त्या तिला झेंडूच्या टोपलीत रोवून ठेवतात. आणि पाचवी वऱ्हाळा तलावाच्या काठावर, घाटाअलीकडच्या बाकावर. तलावापर्यंत पोचायला आम्हांला सात महिने लागले. घरापासूनचं अंतर मी कधी मोजलं नाही. ते पाच कांड्यांचं आहे, एवढं पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्यांदाच दिव्यांग माणसांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या: मोठ्यांना आठवड्याला १५० मिनिटं तरी बऱ्यापैकी हालचाल, मुलांना रोज साधारण तासभर, आणि तेवढं जमत नसेल तर जमेल तेवढी, काहीच नसण्यापेक्षा थोडी बरी. आमची १५० मिनिटं कधी भरतात, कधी नाही. जुलैत भिवंडीच्या रस्त्यांवर पाणी भरतं तेव्हा मुळीच नाही. तेव्हा गच्चीच्या जिन्यावर कांड्या मांडतो.

वाटेतली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दादा मागांच्या ठेक्यात चालतो. कारखान्यांच्या गल्लीत शिरलो की त्याची पावलं आपोआप नेमकी पडायला लागतात, खांदे सरळ होतात, हात हलायला लागतात. लेझमीच्या वेळी खुर्चीखाली हलणारे तेच पाय. आणि वीज गेली की? भिवंडीत वीज जाते तेव्हा अंधार नंतर कळतो, आधी शांतता येते. सगळे माग एका क्षणात गप्प. दादा उचललेलं पाऊल तिथंच ठेवतो आणि उभा राहतो. पहिल्यांदा मी "चल ना" म्हणायचे. आता मीही थांबते. त्या शांततेत कावळे ऐकू येतात, नळाचं पाणी ऐकू येतं, कुणाच्या तरी घरातली फोडणी ऐकू येते. मग एक माग सुरू होतो, मग तीन, मग अख्खी गल्ली, आणि दादा पाऊल उचलतो. आमच्या वाटेवरचे बरेच कारखाने आता बंद पडलेत. दोन ठिकाणी गोदामं झाली. तिथून जाताना त्याची चाल विस्कटते. अशा वेळी मी तोंडानेच ठेका धरते, हळू, त्याला ऐकू जाईल एवढा.

रात्री तो झोपला की मी वाचत बसायचे. त्यातच युनिस केनेडी श्रायव्हर यांच्याबद्दल वाचलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण म्हणून जग त्यांना ओळखतं. मला त्या रोझमेरीची बहीण म्हणून भेटल्या. रोझमेरीला बौद्धिक अक्षमता होती. या बहिणी लहानपणी एकत्र पोहत, होडी चालवत. १९४१मध्ये रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि तिची चाल-बोली जवळपास गेली. पुढचं आयुष्य तिने घरापासून दूर काढलं. १९६२मध्ये युनिसबाईंनी मेरीलँडच्या आपल्या घराच्या अंगणात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं: पोहणं, चेंडू, घोडा. सहा वर्षांनी, २० जुलै १९६८ला, शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर अमेरिका आणि कॅनडातले सुमारे हजार खेळाडू उतरले. ते पहिलं स्पेशल ऑलिम्पिक. एका बहिणीने अंगणात मांडलेला खेळ. मी पुस्तक मिटून बराच वेळ दादाच्या घोरण्याकडे कान देऊन बसले होते.

त्या स्पर्धांची घडण मला फार आवडते. आठव्या वर्षापासून भाग घेता येतो आणि वरची वयोमर्यादा नाही. म्हणजे ३८ हे वय उशिराचं नाही. आधी चाचणी घेतात आणि साधारण सारख्या कुवतीच्यांना एकमेकांसमोर उभं करतात. पहिल्या तिघांना पदक, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फीत. आणि तिथं चालण्याचीही शर्यत असते. २५ मीटर, ५० मीटर. हे वाचलं तेव्हा मी टपरीपर्यंतची शंभर पावलं आठवली. आपल्याकडे २००१पासून स्पेशल ऑलिम्पिक भारत हे काम करते. २०२३मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली, त्यात ७६ सुवर्ण. वर्तमानपत्रात ती बातमी मी शोधून कापून ठेवली आहे. तिथल्या बोची नावाच्या खेळाचे व्हिडिओ पाहून आम्ही गच्चीवर मोसंबी आणि रबरी चेंडू घेऊन खेळतो: लहान चेंडू टाकायचा आणि आपला चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा. दादाचा हात हलका आहे. आई त्याच्याशी हरते आणि खरंखुरं चिडते. जिंकायची ईर्षा ७४व्या वर्षी तिच्यात उगवली.

पॅरालिम्पिकची गोष्ट वेगळी आहे, आणि दुखरी. सिडनीला २०००मध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं आणि मग उघड झालं की बारापैकी दहा खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच. शिक्षा कुणाला झाली? बौद्धिक अक्षमता असलेल्या सगळ्याच खेळाडूंना दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं २०१२ला, लंडनमध्ये. जे खरोखर धावत होते त्यांची ऐन तारुण्यातली बारा वर्षं गेली, दुसऱ्यांच्या लबाडीपायी. हे मला माफ करता येत नाही.

उघडलेल्या त्याच दारातून दीप्ती जीवनजी आत गेली. ३ सप्टेंबर २०२४, पॅरिस, ४०० मीटर, ५५.८२ सेकंद, कांस्य. ती तेलंगणातल्या वरंगल जिल्ह्यातली. आमच्या भिवंडीतलं पद्मानगर म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती. वडिलांचे एक जुने सोबती तिथं राहतात, ते मूळचे वरंगलकडचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे येऊन दादासमोर मोबाईल धरला. "बघ दादा, आमच्या वरंगलची पोरगी." दादाने ती शर्यत सलग अकरा वेळा पाहिली. दीप्तीला गावात लोकांनी नको नको ती नावं ठेवली होती. म्हातारबाबा म्हणाले, "आमच्या घरात पण एक होती बाई. माझी आत्या. तिला आम्ही कधी उंबरठ्याबाहेर नेलं नाही." एवढं बोलून त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि चहा न घेताच उठले.

अशा किती आत्या असतील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खेळांसाठीच आहे; दिव्यांगांना खेळात भाग घेता येईल अशी सोय करणं हे सरकारचं काम, असं ते सांगतं. धोबी तलावाजवळच्या परशुराम टावरे स्टेडियमवरून जाताना मला रोज वाटतं, आठवड्यातून एक तास, एका कोपऱ्यात, चुन्याची पंचवीस मीटरची एक रेघ मिळावी. तिथं मागांचा ठेका नसेल, तर ढोलकी आणू. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' उभं केलं. आपण एक रेघ तरी आखू शकू.

रविवारी आता आम्ही दोघंच नसतो. शांतीनगरहून एक आई तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन येते. तो स्वमग्न आहे. त्याला हात धरलेला चालत नाही, दादाला हात सोडलेला चालत नाही. मुलगा दहा पावलं पुढे, कानांवर हात, मागांचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून त्याच्यासाठी आम्ही कारखान्यांची गल्ली टाळून मागच्या वाटेने जातो. तेव्हा तिसरी कांडी कुणाकडे ठेवायची, हा दादापुढे मोठा प्रश्न होता. तीन रविवार तो अडून बसला. चौथ्या रविवारी त्याने ती कांडी त्या मुलापुढे धरली. मुलाने तिच्याकडे पाहिलं नाही. घेतली मात्र, आणि तलावापर्यंत अंगठ्याने निळं सूत चोळत राहिला. परत द्यायच्या वेळी देईना. दादा थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "चालेल." आता ती कांडी त्या मुलाकडेच असते. रविवारी न चुकता घेऊन येतो.

परवाची गोष्ट. आदल्या रात्री आईला ताप होता, माझी झोप झाली नव्हती, गुडघा दुखत होता. चालताना मी एकदा-दोनदा थांबले, खिडक्यांच्या गजांना धरून. दादा माझ्या शेजारून चालत होता; मी थांबले की तोही थांबायचा. तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावर अजून धुकं होतं, पलीकडे बगळे उतरत होते. बाकापाशी त्याने पाचवी कांडी काढली. रोज तो ती बाकाच्या पाठीला टेकवून उभी ठेवतो. परवा त्याने ती माझ्या हातात दिली, माझी बोटं तिच्याभोवती मिटवली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं.

"बस," म्हणाला.

मी बसले. मला वाटलं, तोही बसेल. तो वळला आणि घाटाच्या दिशेने निघाला. एकटा. रिकामी पिशवी खांद्याला, हात हलताहेत. तिकडे आम्ही कधी गेलो नव्हतो, तिकडे ठेवायला त्याच्याकडे काही उरलंही नव्हतं. माझ्या तोंडाशी हाक आली होती. पायऱ्या ओल्या असतात, शेवाळ असतं, त्याला पोहता येत नाही. मी कांडी दोन्ही हातांनी धरली. त्याचा निळा शर्ट झाडांमागे गेला, दिसला, परत गेला. कामतघरच्या बाजूने मागांचा आवाज इथवर येतो, अगदी बारीक. मी त्यावर त्याची पावलं मोजायला लागले.